परीक्षेत बंड्या नापास झाला. आता कार्ड विकत घेऊ का?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ५४. ऑगस्टमध्ये मुलगा कॉलेजला गेला आणि त्याचा साडेतीन वर्षांचा लॅब्रेडॉर घरी राहिला. कुत्र्याचं नाव आम्ही बदललं आहे, इथे त्याला बंड्या म्हणू. वजन ३४ किलो, स्वभावाने लाघवी, ‘शेकहँड दे’ म्हटलं की पंजा पुढे. तो थेरपी डॉग म्हणून रुग्णालयात आणि सासूबाई जातात त्या भारतीय ज्येष्ठांच्या डे केअरमध्ये यावा अशी ताईंची इच्छा. त्यासाठी एका संस्थेची परीक्षा दिली. बंड्याने पहिल्याच मिनिटाला परीक्षक बाईंच्या छातीवर पाय ठेवले. पुढे दोन माणसांनी भांडणाचं नाटक करताच तो ताईंच्या मागे जाऊन उभा राहिला, आणि ताई लीश ओढत ‘सिट, सिट, सिट’ म्हणत राहिल्या. निकाल: ‘अजून तयार नाही’. यजमानांना इंटरनेटवर ७९ डॉलरमध्ये प्रमाणपत्र, ओळखपत्र आणि लाल जाकीट देणारी वेबसाइट सापडली आहे. ताई विचारतात: हे घ्यावं का? परीक्षा उगाच कडक नव्हती का? सगळ्यांवर इतकं प्रेम करणारा कुत्रा नापास कसा होतो? जाता जाता त्यांनी असंही लिहिलं आहे की मुलाने लावलेल्या सवयीप्रमाणे बंड्याला रोज कच्चं चिकन मिळतं.

ताई,

आधी त्या ७९ डॉलरचा निकाल लावू. अमेरिकेत कुत्र्यांची अशी कुठलीही सरकारी नोंदवही नाही. ही वेबसाइट तुमच्याकडून फोटो आणि पैसे घेते, कुत्रा बघत नाही. असे ऑनलाइन दाखले एडीए या अपंग हक्क कायद्याखाली कोणताही अधिकार देत नाहीत, हे अमेरिकेच्या न्याय खात्याने स्पष्ट केलेलं आहे. शिवाय त्या कायद्याचा तुमच्याशी संबंधही नाही. एखाद्या अपंग व्यक्तीसाठी ठरावीक काम शिकलेला तो सर्व्हिस डॉग; त्याला मालकाबरोबर दुकानात जायचा हक्क आहे. मालकाच्या मनाला आधार देणारा तो इमोशनल सपोर्ट प्राणी. २०२१ पासून विमान कंपन्यांवर त्याला सर्व्हिस डॉगसारखं वागवण्याचं बंधन राहिलेलं नाही. थेरपी डॉग तिसराच. तो दुसऱ्यांना भेटायला जातो आणि पाहुण्यासारखा, बोलावलं तरच जातो. जाकीट घालून बंड्याला किराणा दुकानात नेलंत तर तो तिथे जाकीट घातलेला पाळीव कुत्राच असेल. खोटा सर्व्हिस डॉग म्हणून मिरवल्यास अनेक राज्यांत दंडही आहे.

खऱ्या नोंदणीतून दोन गोष्टी मिळतात: कुत्रा आणि त्याला नेणारा माणूस अशी जोडी कुणीतरी तपासलेली असते, आणि स्वयंसेवेच्या वेळी काही घडलं तर संस्थेचा विमा असतो. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या ऐंशीच्या आजींच्या हाताची त्वचा कागदासारखी असते. ३४ किलोंच्या कुत्र्याचं एक नख पुरतं. विकतच्या कार्डावर तुम्ही गेलात आणि तसं झालं, तर ते सगळं तुमच्या अंगावर येईल.

आता निकालाकडे वळू. ‘अजून तयार नाही’ आणि ‘या कामासाठी योग्य नाही’ हे दोन वेगळे शेरे आहेत, आणि तुम्हाला पहिला मिळाला आहे. तुम्ही तो सरसकट ‘नापास’ असा वाचलात. त्या अर्ध्या-पाऊण तासात तीन वेगळ्या गोष्टी घडल्या आणि तिघींवरचा इलाज वेगळा आहे. उडी मारणं ही सवय आहे, ती मोडते. आरडाओरड्याने मागे सरणं हा स्वभावाचा भाग असू शकतो, तो थोडा सैल होतो पण मोडत नाही. आणि लीश ओढत एकच शब्द तीनदा म्हणणं, हे बंड्याचं काम नव्हे. या परीक्षेत गुण जोडीला असतात, आणि हँडलर, म्हणजे कुत्र्याला नेणारा माणूस, कुत्र्याशी कसा बोलतो, त्याच्यावर नजर ठेवतो का, तो घाबरला तर त्याला बाजूला घेतो का, हे सगळं पाहिलं जातं. भांडण सुरू झाल्यावर लीश सैल सोडून, शांतपणे त्याचं नाव घेऊन तुम्ही दोन पावलं दूर गेला असतात, तर परीक्षकांनी ते तुमच्या खात्यात जमाच केलं असतं.

ओघाने एक सांगतो. नोंदणी जोडीची असल्यामुळे सुट्टीत घरी आलेला मुलगा तुमच्या नोंदणीवर बंड्याला भेटीला नेऊ शकणार नाही. त्याला स्वतःची परीक्षा द्यावी लागेल.

‘सगळ्यांवर प्रेम करतो’ हे वाक्य अशा पत्रांत हटकून येतं, आणि ते खरंही असतं. पण या कामात प्रेमाचं प्रदर्शन अडचणीचं ठरतं. दार उघडताच धावत जाणारा कुत्रा पलंगावरच्या माणसाला निवड ठेवत नाही. परीक्षकांना हवा असतो असा कुत्रा, जो तीन फुटांवर थांबतो, समोरच्याने हात पुढे केला की जवळ जातो आणि मग तिथेच रेंगाळतो. उतावळे लॅब्रेडॉर चार-पाच वर्षांचे झाले की बऱ्यापैकी निवळतात, तेव्हा वय तुमच्या बाजूने आहे.

उडीचा इलाज सांगतो. कुत्रा उडी मारतो कारण उडी मारली की माणसं हात लावतात, हसतात, निदान ओरडतात तरी. म्हणजे बक्षीस मिळतं. तेव्हा लीशवर स्वतःचा पाय ठेवा, इतकी सैल की तो उभा राहू शकेल, पण पुढचे पाय वर नेऊ शकणार नाही. ओळखीच्या माणसाला दहा फुटांवरून चालत यायला सांगा. चारही पाय जमिनीवर आहेत तोवर ते पुढे येतील. एक पाय उचलला की लगेच मागे वळतील, एक शब्दही न बोलता. जवळ पोचल्यावर खाऊ तुम्ही द्यायचा, आणि जमिनीलगत, म्हणजे तोंड खालीच राहतं. बहुतेक जण हात उंच धरून खाऊ देतात आणि स्वतःच उडी शिकवतात. एका वेळी दहा फेऱ्या, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. चार ते सहा आठवडे धरा, आणि त्यात किमान दहा वेगवेगळी माणसं हवीत: टोपीवाला, दाढीवाला, काठी टेकत येणारे, साडी किंवा ओढणी हलणाऱ्या बायका. एकाच शेजाऱ्यावर शिकलेला कुत्रा त्या शेजाऱ्यापुरताच शहाणा होतो. आणि घरातलं कुणीही, यजमानांसकट, ‘असू दे गं, प्रेमाने करतोय’ म्हणून उडीला हात लावत असेल तर हे सहा आठवडे वाया गेले म्हणून समजा.

‘शेकहँड’ मात्र बंद करा. घरी कौतुकाचा असतो, पण रुग्णाच्या मांडीवर आणि मनगटावर ओरखडे त्यानेच उठतात. त्याऐवजी ‘हनुवटी ठेव’ शिकवा. तळहात पुढे करा, हनुवटी टेकली की खाऊ. मग तळहाताच्या जागी उशी, मग खुर्चीचा हात. पलंगावरच्या माणसाला हे फार आवडतं आणि नखांचा प्रश्नच येत नाही.

दुसरा महत्त्वाचा धडा ‘सोड’ हा. रुग्णालयाच्या फरशीवर काय पडलेलं असतं तर गोळी, बेदाणा, बिनसाखरेचं च्युइंगम. आयबुप्रोफेन, बेदाणे आणि झायलिटॉल हा गोडवा घालणारा पदार्थ, तिन्ही कुत्र्यांना विषारी आहेत. शिकवताना सुरुवात बंद मुठीतल्या बिस्किटाने करा. नाक लावून लावून तो मागे हटला की दुसऱ्या हातातून वेगळा, जास्त चांगला खाऊ द्या. मग उघडा तळहात, मग जमिनीवर बुटाखाली, मग बूट काढून, शेवटी चालता चालता शेजारून. समोर टाकलेली वस्तू त्याला कधीच मिळता कामा नये. एकदा मिळाली की तो पुढच्या शंभर वेळा प्रयत्न करून बघणार.

तिसरी तयारी वस्तूंची. वॉकर, कुबड्या आणि जमल्यास व्हीलचेअर ओळखीच्या कुणाकडून मागून आणा. पहिल्या दिवशी ती नुसती खोलीत ठेवायची, बंड्या दहा फुटांवर, आणि तो तिच्याकडे पाहून शांत राहिला की खाऊ. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुणीतरी ती हळू हलवायची. आवाज शेवटी. व्हीलचेअरजवळ नेहमी तिरकं, बाजूने जायचं, ब्रेक लावलेले आहेत याची खात्री करून, कारण चाकाखाली पंजा किंवा शेपटी येणं हा नेहमीचा अपघात आहे. लीश खुर्चीला कधी बांधायची नाही आणि ‘धरू का जरा?’ म्हणणाऱ्या आजोबांच्या हातातही द्यायची नाही. गुळगुळीत फरशीवर पाय घसरले की धीट कुत्राही अडखळतो, म्हणून पंजाच्या गाद्यांमधले केस कापून ठेवा.

ओबडधोबड हात लावण्याची सवयही घरीच होते. कान किंचित दाबा, खाऊ. शेपटीवरून उलटा हात फिरवा, खाऊ. मिठी आधी एक सेकंदाची, मग तीन, मग पाच. तो अंग आखडून घेतोय असं वाटलं की एक पायरी मागे.

आता चिकनचं, कारण तुमचं वेळापत्रक त्यावरच ठरतं. कच्चं मांस खाणारा कुत्रा दिसायला ठणठणीत असला तरी त्याच्या विष्ठेतून आणि लाळेतून साल्मोनेलासारखे जंतू बाहेर पडू शकतात, आणि केमोथेरपी चाललेल्या रुग्णाला ते झेपणारे नसतात. म्हणून थेरपी डॉगची नोंदणी करणारी पेट पार्टनर्स ही संस्था कच्च्या मांसावरचे कुत्रे घेतच नाही, आणि अनेक रुग्णालयं मागच्या ९० दिवसांत कच्चं मांस किंवा न शिजवलेले वाळवलेले चघळ, डुकराचे वाळवलेले कान वगैरे, दिलेले नसावेत अशी अट घालतात. आजपासून शिजवलेलं चिकन द्या, हाडं काढून, आणि बाकीचा आहार व्हेटला विचारून जुळवा. नुसत्या शिजवलेल्या चिकनवर कॅल्शियम कमी पडतं. हे ९० दिवस तुमच्या शिकवण्याचेही दिवस आहेत. तोवर परीक्षेची तारीख मागूच नका.

मधला टप्पा म्हणून अमेरिकन केनेल क्लबची ‘कॅनाइन गुड सिटिझन’ परीक्षा द्या. १९८९ पासून चालू आहे, कुठल्याही जातीच्या कुत्र्याला देता येते, दहा कसोट्या असतात आणि दहाही पार कराव्या लागतात: अनोळखी माणसाला शांतपणे भेटणं, सैल लीशवर चालणं, दुसरा कुत्रा शेजारून जाताना भान ठेवणं, मालक दिसेनासा झाल्यावर तीन मिनिटं दुसऱ्याजवळ थांबणं. परीक्षेत हातात खाऊ ठेवता येत नाही, त्यामुळे खाऊ दाखवल्याशिवाय तो किती ऐकतो हे कळतं. ही परीक्षा म्हणजे थेरपीची नोंदणी नव्हे. केनेल क्लब स्वतः अशी नोंदणी करत नाही. मान्य संस्थेत नोंदलेल्या कुत्र्याला १० भेटी, ५० भेटी अशा टप्प्यांवर किताब देतो, इतकंच.

संस्था निवडताना त्यांची पद्धत बघा. पेट पार्टनर्स (१९७७ पासून) आधी हँडलरला अभ्यासक्रम देते, मग जोडीची नाट्यरूप परीक्षा घेते, आणि दर दोन वर्षांनी ती पुन्हा द्यावी लागते. कुत्रा किमान एक वर्षाचा आणि सहा महिने तुमच्या घरात राहिलेला हवा, रेबीजची लस चालू हवी; रक्त तपासून काढलेली प्रतिकारशक्तीची पातळी लशीऐवजी चालत नाही. अलायन्स ऑफ थेरपी डॉग्ज ही संस्था एक हाताळणी परीक्षा घेते आणि नंतर प्रत्यक्ष ठिकाणी निरीक्षकासोबत तीन भेटी करायला लावते. परीक्षेच्या खोलीत तुम्ही गडबडता असं दिसतं, तेव्हा हा दुसरा रस्ता तुम्हाला सोपा जाईल असं आमचं मत. मात्र तुमचं रुग्णालय कुठली संस्था मानतं हे त्यांच्या स्वयंसेवक विभागाला आधी विचारा. नोंदणी करून मग ‘आम्ही ही घेत नाही’ ऐकावं लागलेल्यांची पत्रं कमी नाहीत. (तुमच्या राज्याला या कामाची परंपरा आहे: एलेन स्मिथ या परिचारिकेने १९७६ साली न्यू जर्सीतच थेरपी डॉग्ज इंटरनॅशनल सुरू केली.)

पत्रात एक प्रश्न मात्र कुठेच नव्हता: बंड्याला हे आवडतं का? त्याला विचारता येतं. तीन सेकंद कुरवाळा आणि हात काढून घ्या. तो सरकून परत हाताखाली आला तर हो. जागीच राहिला, तोंड फिरवलं, ओठांवरून जीभ फिरवली, झोप नसताना जांभई दिली, डोळ्याचा पांढरा भाग दाखवत तिरकं पाहिलं, अंग ओलं नसताना झटकलं, तर ते ‘पुरे’ असतं. हे दहा परक्या माणसांबरोबर करून पाहा आणि लिहून ठेवा. शेपटीवर जाऊ नका, ती अस्वस्थपणातही हलते. दहापैकी सात-आठ वेळा तो स्वतःहून परत येत असेल तर पुढे जा. चार-पाच वेळाच येत असेल तर बंड्या चांगला घरचा कुत्रा आहे, आणि तुम्हाला रुग्णालयात जायचंच असेल तर त्याच्याशिवायही स्वयंसेवक घेतातच. मुलगा गेल्यापासून दुपार खायला उठते, असं तुम्ही एका ओळीत लिहून गेला आहात. त्या दुपारीसाठी काम हवं असेल तर त्यात काही गैर नाही. पण ती भरून काढायची जबाबदारी बंड्यावर टाकण्याआधी दोन्ही गोष्टी मनात वेगळ्या करा.

आरडाओरड्याची भीती टिकलीच, तर रुग्णालयातला गजबजलेला मजला सोडा. १९९९ मध्ये सॉल्ट लेक सिटीत सुरू झालेला ‘रीड’ नावाचा उपक्रम आता अनेक ग्रंथालयांत चालतो. एक मूल, एक पुस्तक, जमिनीवर पसरलेली चादर आणि शेजारी पडून राहिलेला कुत्रा. वाचताना अडखळणारं मूल कुत्र्यासमोर लाजत नाही, कारण तो चुका काढत नाही. मागे सरणाऱ्या, पण पडून राहायला आवडणाऱ्या कुत्र्यांना हे काम छान जमतं. तुमच्या मंडळाच्या मराठी शाळेलाही ही कल्पना सुचवायला हरकत नाही.

रुग्णालय मिळालं, तर पहिल्यांदा एकट्या जा. लिफ्ट कुठे, कुत्र्याला लघवीला कुठे न्यायचं, कुठल्या खोल्यांत जायचं नाही, अडचण आली तर कुणाला हाक मारायची, हे पाहून या. भेटीच्या आदल्या दिवशी बंड्याची आंघोळ, नखं कापून कडा कानशीने गुळगुळीत. पिशवीत पाणी, वाडगं, विष्ठेच्या पिशव्या, केस काढायचा चिकट रोलर, स्वच्छ चादर आणि लशीच्या दाखल्याची प्रत. लीश सहा फूट किंवा कमी, लांबणारी-आखडणारी नको. काटेरी किंवा आवळणारी कॉलर चालत नाही. पलंगाजवळ जाण्याआधी चादर पसरा. प्रत्येक रुग्णाने आधी आणि नंतर हात स्वच्छ करायचे, तुम्हीसुद्धा. चाटू देऊ नका आणि रुग्णाच्या हातून खाऊ खाऊ देऊ नका: चाटणाऱ्या आणि खाऊ घेणाऱ्या कुत्र्यांमध्ये रुग्णालयातले चिवट जंतू जास्त आढळलेले आहेत. त्यांतल्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइलचे बीजाणू सॅनिटायझरने मरत नाहीत, त्यासाठी साबण आणि पाणीच. बंड्याला जुलाब, खाज, जखम असेल किंवा औषध चालू असेल तर भेट रद्द. पहिल्या भेटी वीस मिनिटांच्याच ठेवा. पेट पार्टनर्सची मर्यादा दिवसाला दोन तासांची आहे, पण बहुतेक कुत्रे एका तासात थकतात. घरी आल्यावर तो तीन-चार तास गाढ झोपला तर चिंता नको. दुसऱ्या दिवशी जाकीट पाहून खाटेखाली गेला, तर मात्र ते उत्तर समजा. आणि रुग्णांचे फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचे नाहीत, चेहरा झाकूनही नाहीत.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडक्यात: भारतात थेरपी डॉगचं सरकारी प्रमाणपत्र नाही. अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशनसारख्या संस्था कुत्र्याची पारख करून, प्रशिक्षित माणसांबरोबर काम करतात. तिथूनच सुरुवात करा. महापालिकेचा कुत्र्याचा परवाना आणि रेबीज व लेप्टोस्पायरोसिसच्या लशींचे दाखले जवळ ठेवा. देशी कुत्रा असेल तर जातीवरून कमी लेखू नका, वरची तीन सेकंदांची चाचणी त्यालाही तितकीच लागू आहे. उन्हाळ्यात भेट सकाळी ठेवा, डांबरावर हाताची पाठ पाच सेकंद टेकवून बघा. तुम्हाला चटका बसला तर त्यालाही बसेल.

राहिलं डे केअर, आणि ताई, आम्हाला जास्त काळजी याच ठिकाणची वाटते. तुम्ही धरून चाललात की आपली माणसं बंड्याला पाहून खूश होतील. पण तिथल्या अनेक जणींनी कुत्रा पाहिलाय तो गल्लीतला, अंगावर धावून येणारा. कुणाच्या घरी चावल्यावर घ्यायच्या इंजेक्शनांची आठवण आहे. कुणाला सोवळ्यामुळे कुत्र्याने शिवलेलं चालत नाही. त्या तोंडावर ‘नको’ म्हणणार नाहीत, कारण तुम्ही कुणाच्या तरी सून आहात. म्हणून आधी संचालकांची लेखी परवानगी घ्या, कुत्रा वेगळ्या खोलीत बसेल आणि ज्यांना यायचं ते तिथे येतील अशी सोय मागा, आणि कुणाला दमा किंवा अ‍ॅलर्जी आहे याची नोंद करून घ्या. सासूबाईंनाच मदतीला घ्या. तुम्ही लिहिलंय की बंड्याला त्या देवघराच्या उंबऱ्याशी थांबवतात आणि जेवताना मात्र हळूच पोळीचा तुकडा देतात. कोण हात लावेल आणि कोण खुर्चीवर पाय वर घेऊन बसेल, हे त्या तुम्हाला नावानिशी सांगतील. आणि तो पोळीचा तुकडाही या ९० दिवसांत त्यांनी टेबलाशी न देता, बंड्या चारही पायांवर असताना, त्याच्या ताटलीत टाकायला हवा.